सैल हाताचा नेम

लातूरहून नांदेडला निघालं आणि अहमदपूर मागं पडलं, की लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागतं. एरवी ते रस्त्यावरचं एक साधं गाव. मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली की तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि सगळं माळरान जागं होतं. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, कुस्त्यांचा फड, लावणीचे तंबू, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. त्या गर्दीत एका कडेला उभ्या फळीवर रांगेनं फुगे लावलेले असायचे आणि समोरच्या बाकड्यावर तीन-चार छऱ्याच्या बंदुका. माझ्या हातात बंदूक पहिल्यांदा आली ती तिथं. मामांनी मागून दस्ता खांद्याला दाबून धरला होता आणि कानात सांगत होते, ‘घट्ट धर, हलू देऊ नको.’ मी जीव एकवटून घट्ट धरली. पाच छऱ्यांत एकही फुगा फुटला नाही.

यात्रेतल्या बंदुकीबद्दल सगळेच म्हणतात की मालकानं माशी मुद्दाम वाकवून ठेवलेली असते. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक दाणा. तो डोळ्याजवळच्या खाचेत मधोमध बसवायचा आणि मग नेम धरायचा. खरं कारण बहुधा याहून साधं असतं. ही बंदूक बिजागरीवर मोडून भरावी लागते, आणि यात्रेत ती दिवसभर मोडली जाते. बिजागरी ढिली होत जाते. माशी नळीवर आणि खाच मागच्या सांगाड्यावर असेल, तर दर वेळी नळी केसभर वेगळ्या जागी बसते आणि नेम धरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. हे मला कळलं ते चाळीस वर्षांनी, स्वतःची बंदूक घेतल्यावर. मामांचा सल्लाही चुकीचा होता, हेही तेव्हाच कळलं.

बंदूक घेतली ती नांदेडला, वजिराबादेतल्या एका दुकानातून. देशी बनावटीची, स्प्रिंगवर चालणारी, किंमत नऊ हजारांच्या आत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूल या मर्यादेत असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दुकानदारानं ओळखपत्राची प्रत घेतली, वहीत नोंद केली आणि एक लांब खोकं माझ्या हवाली केलं. ते घेऊन मी लातूरला आलो, आणि येळवशीच्या दुसऱ्या दिवशी औसा तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या आखाड्यावर गेलो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोपी, तिच्यात मांडलेले पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. अशा दिवशी बंदूक बाहेर काढायची नसते. दुसऱ्या दिवशी मात्र शिवार मोकळं असतं. आखाड्याच्या मागच्या बाजूला जुन्या गोठ्याची दगडी भिंत आहे. तिच्यापुढं वाळूची तीन पोती रचली, पोत्यांपुढं जाड फळी, फळीवर गोणपाटाच्या चार घड्या आणि त्यावर स्पर्धेचा छापील कागद लावला. दगडावर आपटलेला छर्रा उलटून येऊ शकतो, म्हणून वाळू हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवा. मग टेपनं दहा मीटर मोजले, म्हणजे तेहतीस फुटांना थोडे कमी, आणि तिथं बाज टाकली.

खोक्यातून बाहेर आलेली वस्तू आधी नुसती बघितली. स्वस्त वस्तूकडे आपण बघतच नाही, लगेच वापरायला घेतो, आणि तिथंच तिचा निम्मा आनंद हातचा जातो. दस्ता लाकडी आहे, बीचसारख्या फिकट लाकडाचा, वर गडद रंगाचा हात दिलेला. पॉलिश जाडसर आहे. लोखंड जिथं लाकडात बसतं तिथं एका बाजूला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे. नळीवरचा काळा मुलामा मात्र एकसारखा आणि खोल आहे. उन्हात धरली तर त्यात आभाळाची निळी रेघ दिसते. वजन तीन किलोंच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या अंगाला. डाव्या तळहातावर तोलून बघितली तेव्हा चापाच्या किंचित पुढं तिचा तोल सापडला. ही जागा मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली. पुढं तीच कामाला आली.

मग बंदूक मोडली. ‘मोडणं’ हा आपल्याकडचा नेमका शब्द आहे. डाव्या हातात नळीचं टोक धरायचं, मांडीला दस्ता टेकवायचा आणि नळी खाली ओढायची. बिजागरीवर ती वाकते आणि तिला जोडलेला दांडा आतल्या दट्ट्याला मागं ढकलत नेतो. दट्ट्यामागची स्प्रिंग दबत जाते. शेवटच्या चार बोटांत चांगला जोर लागतो, आणि मग आतून ‘खट्’ असा एक आवाज येतो. तो आवाज मला फार आवडला. गिरणीच्या पट्ट्यासारखी त्यात खरखर नाही, पितळी कुलूप लागल्यासारखा तो स्वच्छ आहे. या एका आवाजात बंदुकीची सगळी ताकद साठवून झालेली असते. दारू नाही, काडतूस नाही. माझ्याच दंडाचा जोर स्प्रिंगमध्ये जाऊन बसला आहे आणि सुटायची वाट बघतो आहे. या क्षणी नळीवरचा हात सोडायचा नसतो. आतली अटक निसटली तर नळी वर झटकते आणि छर्रा भरणारी बोटं मध्ये सापडतात.

छर्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गोळी येते. हा छर्रा गोल नाही. चिमटीत धरून बघितला तर डोकं भरीव, मध्ये कंबर आणि मागं पोकळ घेर. जगभर त्याला डायबोलो म्हणतात, दोरीवर फिरवायच्या एका खेळण्यावरून. आपण त्याला बिनदिक्कत डमरू म्हणावं. शिशाचा हा डमरू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. मागून हवेचा दाब आला की पोकळ घेर फुलतो आणि नळीच्या आत कोरलेल्या पेचांना घट्ट चिकटतो. हवा कडेनं निसटत नाही आणि छर्रा स्वतःभोवती गिरकी घेत बाहेर पडतो. भोवऱ्याला गिरकी असते तोवर तो उभा राहतो, तसाच गिरकी घेणारा छर्रा सरळ जातो. कंबर बारीक आणि वजन डोक्यात असल्यामुळं मागचा घेर त्याला पिसासारखा सावरतो. एवढ्याशा शिशात इतका विचार भरलेला आहे. डबीत शेकड्यानं मिळतो म्हणून आपण तो बघत नाही.

पहिला बार उडाला आणि मी दचकलो. यात्रेत ऐकलेला ‘टप्प’ असा आवाज येईल असं वाटलं होतं. आला तो ‘फट्ट’ असा कोरडा, मोठा आवाज, आणि नळीच्या तोंडातून निळसर धूर. मागोमाग जळक्या तेलाचा वास. नव्या बंदुकीच्या पोटात कारखान्यातलं तेल उरलेलं असतं. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं धावतो, पुढची हवा इतक्या झपाट्यानं दबते की ती तापते, आणि त्या उष्णतेनं तेलाची वाफ पेटते. सायकलच्या पंपाचं बूड गरम लागतं, त्याच कारणाचा हा मोठा भाऊ. आमच्या विहिरीवर वीज यायच्या आधी डिझेल इंजिन होतं. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नव्हता, दाबानंच डिझेल पेटायचं. बंदुकीत नेमकं तेच घडत होतं. त्या वासानं मला विहिरीवरची सकाळ आठवली, हँडल मारणारे आजोबा आठवले. पन्नासेक छर्रे झाल्यावर धूर थांबला, आवाज बसला आणि बंदूक आपल्या खऱ्या आवाजात बोलायला लागली. म्हणून नवी बंदूक पहिल्या दहा छऱ्यांवरून जोखू नये. नव्या तव्यावरची पहिली भाकरीही कोणी मोजत नाही.

आवाज बसला, पण नेम बसला नव्हता. पाच छर्रे मारले की कागदापाशी जायचं आणि भोकं बघायची, असं चाललं होतं. पाच भोकं वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरलेली. एक काळ्या गोलात सातच्या घरात, एक पार डावीकडं कागदाच्या कडेला, दोन वर, एक खाली. खाचेचा स्क्रू फिरवला तर सगळाच विखुरलेपणा उचलून दुसरीकडं गेला, आवळला नाही. मी बंदूक अधिक घट्ट धरली. दस्ता खांद्यात रुतवला, गाल लाकडावर दाबला, डावी मूठ आवळली. भोकं आणखी पांगली.

बापू, माझे चुलत चुलते, बांधावर बसून हे बघत होते. वय ऐंशीच्या पुढं. शेवटी ते उठून आले.

‘सकाळधरनं काय करायलास रे?’

‘नेम धरायलो, बापू.’

‘नेम कुठं धरायलास? बंदूक धरायलास. गळा आवळल्यावानी.’

मी थांबलो. बापूंनी आयुष्यात बंदूक हातात घेतलेली नाही. त्यांनी घेतली ती गोफण. ज्वारी निसवली की माळ्यावर उभं राहून त्यांनी कितीतरी हंगाम पाखरं राखली. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली असते, दुसरी नुसती चिमटीत. डोक्यावरून फिरवताना सगळा जोर दंडात असतो, पण गुंडा कुठं जाणार ते दंड ठरवत नाही. चिमूट कधी सुटते त्यावर ते ठरतं. चिमूट आवळून धरणाऱ्याचा गुंडा त्याच्याच पाठीमागं पडतो. बापूंना दट्ट्या आणि स्प्रिंग ठाऊक नव्हती, पण माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांची गाठ त्यांना बांधावरून दिसली.

आता त्यांचं म्हणणं यंत्राच्या भाषेत मांडतो, कारण या बंदुकीचं सगळं मर्म त्यात आहे. दारूच्या बंदुकीचा धक्का एकदाच, मागं बसतो. स्प्रिंगच्या बंदुकीचे धक्के दोन असतात. चाप ओढला की जड दट्ट्या पुढं झेपावतो, म्हणून बंदूक मागं सरकते. दट्ट्या हवेच्या गादीवर आपटून थांबतो, तेव्हा बंदूक पुढं झटकते. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतं, आणि छर्रा त्या वेळी अजून नळीतच असतो. म्हणजे बंदूक हलत असतानाच छर्रा बाहेर पडतो. हे टाळता येत नाही. करता येतं ते एकच. दर वेळी तिला सारखंच हलू द्यायचं. घट्ट धरलेला हात कधी जास्त आवळतो, कधी कमी, आणि प्रत्येक वेळी धक्क्याला वेगळा अडथळा होतो. सैल हात अडथळाच करत नाही. बंदूक तिच्या स्वभावाप्रमाणं हलते आणि तो स्वभाव दर वेळी तोच असतो.

आई जात्यावर दळायची तेव्हा शिकवायची की खुंटा मुठीत दाबायचा नाही, बोटांच्या कड्यात फिरू द्यायचा. दाबला की तळहाताला फोड येतात आणि पीठही जाडंभरडं पडतं. मी डावा तळहात उघडा केला आणि मघाशी पेन्सिलीनं केलेल्या खुणेखाली नुसता टेकवला. बोटं मिटली नाहीत. दस्ता खांद्याला टेकला, रुतला नाही. उजव्या हाताची तीन बोटं दस्त्यावर ठेवली, आवळली नाहीत. श्वास अर्धा सोडला. माशी खाचेत मधोमध आणि तिच्या माथ्यावर काळा गोल. चाप ओढला.

बंदूक हातातल्या हातात मागं गेली, पुढं आली आणि थांबली. मी हललो नाही. डोळा माशीवरच होता. फळीवर ‘टच्’ असा आवाज आला तेव्हाही मी तसाच होतो. दुसरा छर्रा. तिसरा. पाचवा झाल्यावर कागदापाशी गेलो. पाचही भोकं काळ्या गोलाच्या वरच्या उजव्या कडेला एकमेकांना खेटून बसली होती. दोन भोकं एकमेकांत मिसळून त्यांचा इंग्रजी आठाचा आकडा झाला होता. खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढून वर ठेवलं. पाचही झाकली गेली. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. ती मध्यावर नव्हती, पण त्याची फिकीर नव्हती. एकत्र आलेली भोकं मध्यावर आणायला दोन स्क्रू पुरतात. पांगलेली भोकं एकत्र आणायला माणूस बदलावा लागतो.

या बंदुकीचा रस मला इथं सापडला. बार उडाला म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं आणि आपण मान वर करून निकाल बघायला धावतो. या बंदुकीत काम बार उडाल्यावरही क्षणभर चालू असतं. तो क्षण जो थांबला त्याचा छर्रा लागला. नेमबाजीचे शिक्षक चाप ओढल्यावरही जागेवर राहायला शिकवतात. लाखांची रायफल ही चूक बरीचशी पोटात घालते. स्वस्त स्प्रिंगची बंदूक एकही चूक पोटात घालत नाही, सगळी कागदावर लिहून दाखवते. म्हणून शिकणाऱ्यासाठी तिच्याइतका प्रामाणिक गुरू नाही.

लाखांची रायफल म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. ऑलिम्पिकमधल्या दहा मीटर एअर रायफलीत स्प्रिंग नसते. नळीखालच्या टाकीत हवा आधीच दाबून भरलेली असते आणि चाप ओढला की तिचा मोजका घोट छऱ्यामागं सोडला जातो. धक्का जवळजवळ नाही. चाप बोट टेकताच सुटतो. स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे या ओळीच्या शेवटच्या टिंबाएवढा. नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटर, सगळा काळा गोल साडेतीस मिलिमीटर. माझी पाच भोकं ज्या नाण्याखाली झाकली ते नाणं या काळ्या गोलात जेमतेम मावतं. असे साठ छर्रे पाऊण तास आणि अर्ध्या तासाच्या बेरजेत, उभ्यानं मारायचे असतात.

हे आकडे डोळ्यांपुढं ठेवले की आपल्या माणसांची कामगिरी कळते. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण केले. चाळीस छर्रे, चाळीसही दहात. अंजली भागवत यांनी मुंबईत एनसीसीची कॅडेट म्हणून रायफल हातात घेतली आणि २००३ साली विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत एअर रायफलीचं सुवर्ण आणलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला. पन्नास मीटरच्या रायफलीत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं. मुंबई, ठाणे, कोल्हापूर. या यादीत अजून माझ्या नांदेड-लातूरचं नाव मी शोधतो. आमच्या पोरांचे हात स्थिर नाहीत असं नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी पोरं मी रोज बघतो. दोन-तीन लाखांची रायफल त्यांच्या आवाक्यात नाही. नऊ हजारांची आहे, चार जणांनी मिळून घेतली तर नक्कीच आहे. दहा मीटरची जागा तर प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात सापडते.

हवेची बंदूक म्हणजे पोरखेळ, हा समजही जाऊ द्यावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनी नावाची हवेची रायफल होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती आणि पेटीत वीस गोळ्या मावायच्या. १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क अमेरिकेच्या पश्चिमेकडं निघाले तेव्हा त्यांच्या सामानात अशी एक हवेची रायफल होती. मोडायच्या बंदुकांच्या जुन्या, नावाजलेल्या कारखान्यांपैकी एक म्हणजे जर्मनीतल्या रास्टाटला सुरू झालेला डायना. त्या कारखान्याच्या जुन्या चिन्हावर शिकारीची देवी डायना आहे. तिनं धनुष्यबाण टाकून दिला आहे आणि एअर रायफल उंच धरली आहे. आपल्याकडं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली सुरू केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनं पाण्याच्या मोठ्या नळांबरोबर छऱ्याच्या बंदुकाही बनवल्या, आणि ‘आयएचपी’ ही अक्षरं जुन्या शौकिनांच्या तोंडी बसली. अलीकडच्या काळात लोखंडात खोल आणि सरळ भोक पाडायची यंत्रं बनवणाऱ्या प्रेसिहोल या महाराष्ट्रातल्या उद्योगानं एअर रायफली काढल्या. ही वाट मला फार तर्कशुद्ध वाटते. सरळ भोक पाडणं हेच नळी बनवण्यातलं मुख्य काम.

आता हिची उणी बाजू. चाप जड आहे आणि लांब ओढावा लागतो. वाटेत एक खरखर लागते आणि नेमका कुठं सुटणार हे पहिले दोनशे छर्रे कळत नाही. खाचेचा स्क्रू दर पंचवीस-तीस छऱ्यांनी आपण होऊन सैलावतो, त्याला बारीकसा डिंक लावावा लागला. बार उडाल्यावर आत स्प्रिंग तंबोऱ्याच्या तारेसारखी झणझणते आणि ते गालाला जाणवतं. लाकडातली फट मी आधी सांगितलीच. चपट्या तोंडाचा छर्रा कागद पंचिंग मशीननं कापावा तसा स्वच्छ कापतो, पण स्वस्त डबीतले छर्रे सगळे सारखे नसतात. काहींचा घेर चेपलेला निघतो. ते बाजूला काढावे लागतात. या उणिवा खऱ्या आहेत. पण यातली एकही अशी नाही की जी हातानं, डोळ्यानं किंवा सवयीनं भरून निघत नाही. जी गोष्ट भरून निघत नाही ती नळी, आणि नळी खरी निघाली. नाण्याखालची पाच भोकं त्याचा पुरावा.

ताकदीचाही हिशेब ठेवावा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटर वेगानं निघाला तर त्याची ऊर्जा दहा ज्यूल होते. एक किलोचं माप मीटरभर उंचीवरून पायावर पडावं एवढी, आणि तीही साडेचार मिलिमीटरच्या टोकात एकवटलेली. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सेंटिमीटरभर खाली येतो. डोळ्याला हे खेळणं नाही. भरलेली बंदूक कुणाकडं वळवायची नाही, रिकामी समजूनही नाही. छऱ्याशिवाय चाप ओढायचा नाही. पुढं हवेची गादी नसली की दट्ट्या लोखंडावर आपटतो आणि बंदूक आतून फुटत जाते.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंघांची शस्त्रं जपलेली आहेत. संगतीला त्यांचं दर्शन घडवतात आणि दिवाळीच्या सुमाराला तख्तस्नानाच्या वेळी ती गोदावरीच्या पाण्यानं स्वच्छ करतात. मी लहानपणी मामांबरोबर ते बघत आलो आहे. शस्त्राचा मान म्हणजे त्याची निगा आणि त्यावरचा ताबा, हे तिथं कुणी भाषण करून सांगत नाही, पण समजतं. आपल्या घरी खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीला हळद-कुंकू वाहतो ते याच समजुतीनं. नऊ हजारांची बंदूकही त्या रांगेत बसू शकते, तिला तसं वागवलं तर.

म्हणून एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. गावागावांत ही बंदूक पाखरांवर रोखली जाते. पारवा, भोरडी, राघू, जे झाडावर बसलं त्याच्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बहुतेक रानपाखरांची शिकार हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बापूंनी पाखरं राखली म्हणजे उडवली, मारली नाहीत. त्यांचा गुंडा पाखराच्या शेजारच्या ताटावर लागायचा, कारण तिथंच लावायचा असायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यापुढं पाखरू हे फार मोठं आणि फार सोपं लक्ष्य आहे. ज्याला खरंच नेम शिकायचा आहे त्यानं कागद घ्यावा.

माझा निर्वाळा असा. शिकायला ही बंदूक घ्यावी. पहिले पन्नास छर्रे तिला द्यावेत, पुढचे दोनशे स्वतःला. ती महागड्या रायफलीची गरीब नक्कल नाही. तिचं शिकवणं वेगळं आहे आणि ते दुसरीकडं मिळत नाही.

यंदा मार्गशीर्षात माळेगावला जाल तेव्हा फुग्यांच्या फळीपुढं जरूर थांबा. बरोबर लेकरू असेल तर बंदूक त्याच्या हाती द्या, पण मागून दाबून धरू नका. दस्ता खांद्याला नुसता टेकू द्या, डावा तळहात उघडा राहू द्या, आणि बार उडाल्यावर क्षणभर जागेवरच थांबायला सांगा. फुगा मग बघता येतो.